वाट विचारा : पांशकुड्याला उतरल्यावर पुढे काय?

या महिन्याच्या टपालात बंगालच बंगाल आहे. पुण्यात सोन्याचं बारीक काम करणारे बरेचसे हात तिकडचे, त्यामुळे नवल नाही. नव्या वाचकांसाठी सांगते : माझी नोकरी पुणे स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे झाली, आणि त्याआधी यजमान खडगपूरच्या रेल्वे वर्कशॉपात असताना काही वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये संसार केला. शेजारच्या बौदींचं (बौदी म्हणजे बंगालीत वहिनी) माहेर दासपूरकडचं. त्यांच्याबरोबर त्या रस्त्याने जाणं-येणं व्हायचं, ते आज कामाला येतंय.

प्रश्न : आमची रविवार पेठेत सराफी आहे. आमच्याकडच्या बंगाली कारागिराच्या धाकट्या बहिणीचं फाल्गुनात लग्न आहे. गाव दासपूरच्या बाजूला, हाटाचं गाव आहे म्हणतो. आग्रह फार आहे. मी, मंडळी आणि बहात्तर वर्षांची आई (गुडघे दुखतात) असे जायचं ठरतंय. आझाद हिंदने हावडा आणि पुढे टॅक्सी, एवढं पुरे ना? परतीचं तिकीट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं काढू का?
— एक सराफ, रविवार पेठ

उत्तर : शेठ, हावड्याला जाऊन परत मागे येणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. नकाशा उघडा. पुण्याहून निघालेली गाडी आधी खडगपूरला लागते, हावडा तिथून सुमारे ११५ किलोमीटर पुढे. पांशकुडा या दोघांच्या मधे, हावड्यापासून ७१ किलोमीटरवर. दासपूर पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात, घाटालच्या अलीकडे. घाटालला रेल्वे नाही. म्हणजे त्या अख्ख्या पट्ट्याचं स्टेशन पांशकुडा, आणि तिथून घाटालच्या रस्त्याने बस.

प्रवास पुण्याकडून मोजत सुटू नका. गावाकडून उलटा मोजत या. कारागिराला आज एवढंच विचारा, की मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यापासून त्याच्या अंगणापर्यंत काय चालतं, आणि किती वाजेपर्यंत चालतं. टोटो असेल, म्हणजे आपली ई-रिक्षा. ट्रेकर असेल, म्हणजे आपल्या साताऱ्याकडचं वडाप, माणसं भरल्याशिवाय हलत नाही. इंजिन लावलेली व्हॅन असेल, तिच्यावर फळीवर पाय सोडून बसतात. आईंना ती नको. मधे नदी असेल तर बांबूचा साकव आहे की होडी, तेही विचारा. फाल्गुनात साकव जागेवर असतात, पावसाळ्यात पाणी त्यांना घेऊन जातं. तो म्हणाला, ‘सात वाजेपर्यंत टोटो मिळते’, तर तुम्ही पाचला थांब्यावर हवेत. पाचला थांब्यावर म्हणजे तीनच्या आत पांशकुड्यातून बसमध्ये. आता मागे मोजत खडगपूरपर्यंत या.

आझाद हिंद पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि दोन रात्री गाडीत काढून खडगपूरला अवेळी, ऐन रात्री पोहोचते. नेमकी वेळ तिकिटावर बघा. उशिरा आली तर तुमच्याच पथ्यावर. वेळेवर आली तर अंधारात पुढे जायची घाई करू नका, स्टेशनवरची रिटायरिंग रूम आधीच आरक्षित करून ठेवा. आईंची पाठ दोन तास सरळ झाली की पुढचं सोपं. खडगपूरचा फलाट १,०७२ मीटरचा, एके काळी जगातला सगळ्यात लांब. २०१३ मध्ये तो मान गोरखपूरकडे गेला आणि २०२३ मध्ये हुबळीने दीड किलोमीटरचा फलाट बांधून तो घेतला. गुडघेदुखीवाल्यांना मान कोणाकडे याच्याशी कर्तव्य नाही, त्यामुळे डबा कुठे लागतो ते बघून व्हीलचेअरचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

सकाळी खडगपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोकलला ऑफिसची गर्दी असते. दहानंतरची घ्या. जकपूर, मादपूर, बालीचक, राधामोहनपूर, हाऊर, खिराई आणि मग पांशकुडा. बाहेर पडलात की घाटालची बस. तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता आहे, दासपूर त्याच्या शेवटच्या टप्प्यात. बस खासगी, खच्चून भरलेली. पण बायकांच्या जागा राखीव असतात आणि कंडक्टर त्या मिळवून देतो. आई उतरताना तो बसच्या पत्र्यावर हात आपटून ‘आस्ते लेडिस’ असं ओरडेल. घाबरू नका, ड्रायव्हरला गाडी पूर्ण थांबवायला सांगतोय. हे सगळं नको असेल तर पांशकुड्यातूनच गाडी करा. हावड्यापासून टॅक्सी करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

विमानाने जायचं तर कोलकात्यापर्यंत तीन तासांच्या आत. ऑगस्ट २०२५ पासून विमानतळाला मेट्रो जोडली आहे. नोआपाड्याला एकदा आणि एस्प्लनेडला एकदा बदलून हुगळीच्या खालून थेट हावडा स्टेशन. तिथून पांशकुड्याची लोकल, पावणेदोन-दोन तास. तुम्ही दोघंच असता तर हेच सांगितलं असतं. पण मेट्रोत दोन बदल, हावड्याची गर्दी आणि जिने बघता आईंना झोपून जाण्याची गाडीच बरी.

परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं अजिबात काढू नका. बंगाली लग्न रात्री लागतं, मुहूर्त मध्यरात्रीचाही असू शकतो. मुलीची पाठवणी दुसऱ्या दिवशी, आणि त्या घरातून मुलगी निघायच्या आधी तुम्ही निघालात तर तुमचा कारागीर तुम्हाला काही बोलणार नाही, पण त्याच्या आईला लागेल. दोन रात्री मुक्काम धरा. मच्छरदाणी ते देतीलच. आंघोळीला तळं असेल, आईंसाठी बादलीभर गरम पाणी आधीच सांगून ठेवा. तिथे सगळे त्यांना ‘मासिमा’ म्हणतील आणि मुलं वाकून पाया पडतील.

आहेराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सराफाच्या हातून काय जातं याकडे गावाचं लक्ष असणार. सोन्यात मढवलेली लोखंडी बांगडी, ‘नोआ’, नेऊ नका. ते सासूने सुनेच्या हातात घालायचं. कानातलं न्या. आणि शक्य असलं तर त्याच्याच हातचं न्या, पुण्यात तो काय करतो हे त्याच्या गावाने कधी पाहिलेलं नसतं.

प्रश्न : कामानिमित्त मेदिनीपूरच्या ग्रामीण भागात आठवडाभर राहायचं आहे. मी शुद्ध शाकाहारी आहे, कांदा-लसूणही नाही. उपास घडेल का?
— सदाशिव पेठ

उत्तर : घडणार नाही. ‘निरामिष’ म्हणा, तिकडे निरामिष स्वयंपाकात कांदा-लसूणही धरत नाहीत, त्यामुळे तुमचं काम एका शब्दात होईल. फक्त ‘शाकाहारी’ म्हणालात तर एखादी प्रेमळ काकू मासा बाजूला काढून रस्सा वाढेल. शुक्तो म्हणजे कडवट मिश्र भाजी, आलू-पोस्तो म्हणजे खसखशीतले बटाटे, नारळ घातलेली हरभऱ्याची डाळ, लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या. संध्याकाळी मुडी, म्हणजे चुरमुरे : त्यावर मोहरीचं कच्चं तेल, हिरवी मिरची आणि गरम आलूचा चॉप कुस्करून. मेदिनीपूरच्या माणसाचं त्यावर एक जेवण निघतं. चॉपच्या सारणात आणि कढईत काय काय पडतं ते मात्र तुम्हीच विचारून घ्या. घाटालजवळच्या क्षीरपाईला गेलात तर तिथली तुपात तळलेली ‘बाबरसा’ ही मिठाई खा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेतेय. ‘बाजारपेठेचं गाव आणि वाहतूक’ या विषयावर बंगालमधल्या एका हाटाच्या गावाचा अभ्यास करायचा आहे. आपल्या आठवडे बाजारापेक्षा वेगळं काय बघू?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : बाळ, बाजाराच्या आधी बस बघ. आपल्याकडे खेडं शहराला जोडलं ते एसटीने. पहिली एसटी पुण्याहूनच नगरला निघाली, १ जून १९४८ रोजी. एसटी सरकारी, रिकामी असली तरी वेळ झाली की निघायची हे आपल्या हाडात बसलंय. (निघत नाही तेव्हा आपण केवढा आरडाओरडा करतो!) बंगालच्या खेड्यातल्या रस्त्यावर मुख्यतः खासगी मालकाची बस, परमिटवर चालणारी. ड्रायव्हर-कंडक्टरला दिवसाच्या गल्ल्यावर कमिशन. रिकामी बस नेण्यात त्यांचा काही फायदा नाही. म्हणून बस हाटाच्या गावात येऊन रेंगाळते, भरली की सुसाट सुटते, आणि मागची बस दिसली की दोघांची शर्यत लागते. हाटाचं गाव मोठं होतं ते या रेंगाळण्यामुळे. थांबलेल्या माणसाला चहा लागतो. चहाच्या शेजारी पानाची टपरी येते, मग मोबाइल रिचार्ज, मग औषधांचं दुकान.

त्या औषधांच्या दुकानाची पाटी नीट वाच. डॉक्टरांची नावं, आणि प्रत्येकापुढे वार. डॉक्टर गावात राहत नाहीत, घाटालहून किंवा कोलकात्याहून ठरलेल्या वारी येऊन दुकानामागच्या खोलीत बसतात. हृदयरोगवाला कुठल्या वारी येतो आणि हाट कुठल्या वारी भरतो हे शेजारी शेजारी मांडून बघ. बौदींचे वडील डोळे दाखवायला हाटाच्या दिवशीच जायचे, कारण त्याच दिवशी त्यांच्या वाडीपर्यंत परतीची गाडी मिळायची.

आपला बाजार आठवड्यातून एकदा; तिकडे बहुतेक हाट आठवड्यातून दोनदा भरतात, आणि शेजारच्या गावांचे वार वेगळे असतात. त्यामुळे फिरता विक्रेता आज इथे, उद्या तिथे. पहाटेपासून बसून राहिलीस तर तुला जिवंत मासे विकणारा दिसेल. ॲल्युमिनियमची गोल पोटाची हंडी, तिच्यात बोटभर मासे, आणि हा माणूस हंडीतलं पाणी तळहाताने सारखं थापटत बसलेला. हात थांबला तर पाण्यात हवा जात नाही आणि मासे मरतात. बसमध्येही तो तसाच थापटत येतो, तिकिटाचे पैसे दुसऱ्या हाताने देतो. पाणी सांडतं म्हणून कंडक्टर कुरकुरतो, पण त्याला उतरवत नाही. दर हाटाचं गिऱ्हाईक कोण उतरवेल!

विक्रीला काय येतं हे भागाप्रमाणे बदलतं. चंद्रकोण्याकडून बटाटा, खडारची काशाची-पितळेची भांडी, सबंगच्या मादुर-चटया. थंडीत तमलूक, महिषादलकडे बायका उडदाच्या डाळीचं पीठ फेटून खसखशीवर दागिन्यांसारखी नक्षी घालतात. ती ‘गहना बडी’. हार, कुयऱ्या, जाळी, सगळं. आपल्या रविवार पेठेत बसून जाळीकाम करणाऱ्या पोरांनी ती नक्षी आधी आईच्या ताटात बघितलेली असणार असं मला नेहमी वाटतं. हे तुझ्या अहवालात घालू नकोस, माझी कल्पना आहे.

एक गोष्ट मात्र घालच, ती म्हणजे सायकलचं गॅरेज. दुरुस्तीचं नव्हे, ठेवायचं. थांब्याजवळ पत्र्याचा लांब मांडव असतो, आत सायकली लटकवलेल्या आणि रचलेल्या, महिन्याचे ठराविक पैसे. माणूस वाडीतून सायकलने येतो, इथे ठेवतो, बसने पांशकुडा, लोकलने हावडा, आणि रात्री उलट. त्या गॅरेजवाल्याइतकी गावाची माहिती पंचायतीलाही नसते. कोण नोकरीला लागला, कोणाची सुटली, कोण परगावी गेला, हे न आलेल्या सायकलवरून त्याला कळतं. २०१५ पासून ‘सबूज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारने सायकली दिल्या. तेव्हापासून मुलींच्या सायकली किती वाढल्या हे त्याच मांडवात बसून विचार. गॅरेजवाल्याच्या शेजारी एखादा तिकीट एजंट सापडेल. मुंबई, सुरत, दिल्ली, पुणे या चार नावांवर त्याचं घर चालतं. २०२० च्या टाळेबंदीत ही मुलं परत गेली तेव्हा त्या गावांचं काय झालं, हा तुझा खरा प्रकरणाचा विषय होऊ शकेल.

दुपारी मुलाखतींना जाऊ नकोस. एक ते चार दुकानं बंद असतात आणि मालक जेवून झोपलेला असतो. पुण्याच्या मुलीला याहून जास्त सांगायला नको.

प्रश्न : मुलगी खडगपूरला आयआयटीत आहे. जानेवारीत तिला भेटायला जाऊ तेव्हा जवळची फुलांची शेतं बघता येतील का?
— कोथरूड

उत्तर : येतील. खिराई, पांशकुड्याच्या अगदी अलीकडचं स्टेशन. लोकलच घ्या. उतरल्यावर रुळाच्या कडेने कंसावतीच्या काठाकडे चालत जायचं. झेंडू, शेवंती, ॲस्टर, कोंबडा, डिसेंबर ते फेब्रुवारी. रविवार टाळा. कोलकात्याची निम्मी कॉलेजं तिथे फोटो काढायला आलेली असतात. फोटोसाठी वाफ्यात शिरू नका आणि रुळावर तर मुळीच बसू नका. ती शोभेची बाग नाही, कोणाचं तरी पोट आहे. हीच फुलं पहाटेच्या गाड्यांनी हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर जातात. परतताना कोलकात्याहून निघणार असाल तर सूर्य उगवायच्या सुमारास तिथे जा, म्हणजे खिराईत पाहिलेल्या झेंडूचा पुढचा प्रवास दिसेल.

प्रश्न : माझ्याकडे चार बंगाली कारागीर आहेत. त्यातला घाटालचा मुलगा दर वर्षी श्रावण-भाद्रपदात ‘घरात पाणी शिरलं’ म्हणून रजा मागतो, ऐन दसऱ्याच्या ऑर्डरींच्या तोंडावर. दर वर्षी कसं पाणी शिरतं? बाकीचे तिघं तर मागत नाहीत. खरं मानायचं का?
— गंज पेठ

उत्तर : माना. बाकीच्या तिघांची गावं कुठली ते विचारा, उत्तर तिथेच मिळेल. हुगळी जिल्ह्यातल्या उंचावरच्या गावाचा मुलगा आणि घाटालचा मुलगा यांचा पावसाळा एक नसतो.

घाटाल बशीच्या तळाला आहे. शिलावती गावातूनच जाते, पुढे द्वारकेश्वर तिला मिळते आणि त्यांची रूपनारायण होते. दक्षिणेला कंसावती. वर बांकुड्याच्या पठारावर पाऊस पडला की ते सगळं पाणी इकडेच उतरतं, धरणांतून सोडलेलं वेगळं. आणि खाली रूपनारायणला समुद्राची भरती लागते. भरतीच्या वेळी पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. नद्यांचे तळ गाळाने वर आलेत, बांध मातीचे. मुठेला पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, आपण गॅलरीतून बघतो आणि दोन दिवसांत विसरतो. तिकडे पाणी आठवडे-आठवडे उभं राहतं. खालच्या मजल्यावरचा संसार वर जातो, घरोघरी होड्या बाहेर निघतात, रस्त्यावरून डोंगी चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंसावतीचा बांध फुटून पांशकुडाच पाण्याखाली गेलं, म्हणजे ज्या स्टेशनावर उतरायचं तेच. यावरचा उपाय ‘घाटाल मास्टर प्लॅन’ या नावाने कित्येक दशकं कागदावरच फिरत राहिला. तिकडच्या प्रत्येक निवडणुकीत तो ऐकू येतो.

आता तुमच्या ऑर्डरींचं. पाणी चढताना मुलगा पोहोचून उपयोग नाही. बस बंद, साकव वाहून गेलेले, पांशकुड्यातच अडकेल. घरातली माणसं वर बसलेली असतात, धान्यही वर असतं. माणूस लागतो तो पाणी उतरल्यावर : चिखल उपसायला, भिंत बघायला, विहिरीत-नळात काय गेलंय ते तपासायला, सरकारी मदतीच्या रांगेत उभं राहायला. तेव्हा त्याच्याशी बसून बोला. पाणी चढल्याचा फोन आला की लगेच पैसे पाठवा, आणि पाणी उतरल्याचा आला की त्याला सोडा. तोवर घडाईचं काम तो उरकेल, पॉलिश बाकीचे तिघं करतील. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं आणि पुराची तारीख कोणाला ठाऊक नसते, म्हणून तिकीट तत्काळमध्येच मिळेल. सकाळी त्याला मोबाइल घेऊन बसायला कामातून तासभर मोकळं करा.

रजेचे पैसे कापायचे का, हे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही. तरी सांगते, कापू नका.